परस्परनिवास : एका ख्रिस्ती कल्पनेचा इतिहास आणि वऱ्हाड

दोन किंवा अधिक व्यक्ती एकमेकींत पूर्णपणे सामावलेल्या आहेत आणि तरीही त्यांपैकी एकीचेही वेगळेपण पुसले गेलेले नाही, अशा संबंधाला ख्रिस्ती धर्मशास्त्रात पेरिखोरेसिस हा ग्रीक शब्द आहे. मराठीत त्याला परस्परनिवास म्हणता येते. हा शब्द तीन ठिकाणी लागू होतो : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या आपसांतील संबंधाला, ख्रिस्ताच्या ठायी असलेल्या देवपण आणि माणूसपण यांच्या संबंधाला, आणि अधिक सैल अर्थाने ख्रिस्त व त्याचा भक्त यांच्या नात्याला. ही कल्पना पहिल्या शतकाच्या अखेरीस ग्रंथरूपाने दिसते. तिला नेमका शब्द मिळून तो त्रैक्याला लागू होईपर्यंत आठवे शतक उजाडले. वऱ्हाडात ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनांबरोबर आली. एक आणि अनेक यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न मात्र कारंजा, रिद्धपूर या गावांना त्याआधी कित्येक शतके परिचित होता.

कल्पनेचे मूळ

या विचाराचे मूळ योहानाच्या शुभवर्तमानात आहे. त्याच्या दहाव्या आणि चौदाव्या अध्यायांत येशू आपल्या आणि पित्याच्या संबंधाविषयी सांगतो, की पिता त्याच्यामध्ये आहे आणि तो पित्यामध्ये आहे. सतराव्या अध्यायातील प्रार्थनेत हाच संबंध शिष्यांपर्यंत पोहोचतो. पिता व पुत्र जसे एकमेकांत आहेत तसे शिष्यांनीही त्या दोघांत असावे, अशी ती विनंती आहे. पंधराव्या अध्यायात द्राक्षवेल आणि तिचे फाटे यांचा दृष्टान्त आहे. फाटा वेलीत राहिला तरच त्याला फळ येते. येथे वापरलेले मूळ ग्रीक क्रियापद अगदी साधे, घरगुती आहे. मराठी बायबलात त्यासाठी 'राहणे' हेच क्रियापद येते.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातील शेतकऱ्याला या दृष्टान्ताचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तेथे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. डोळा धरला की खुंटाचा रस त्यात चढतो आणि दोहोंचे मिळून एकच झाड वाढते. तरीही वरच्या फांदीला जंबेरी लागत नाही, संत्रेच लागते. जीवन एक आणि जात आपापली, एवढा भाग या कलमातून स्पष्ट होतो. मात्र डोळा खुंटावर वसतो, खुंट डोळ्यात वसत नाही. योहानाच्या वचनांत वास दोन्हीकडून आहे, आणि पुढच्या सगळ्या धर्मचिंतनाला कोडे पडले ते या 'दोन्हीकडून'चे.

चौथ्या शतकातील वाद

चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रिया शहरातील आरियस या धर्मगुरूने असे मांडले, की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे आणि म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा नाही. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हे मत नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले. परंतु त्याने वाद मिटला नाही. एकतत्त्व म्हणजे एकच व्यक्ती, जी कधी पिता म्हणून प्रकटते आणि कधी पुत्र म्हणून, असा अर्थ काहींनी घेण्याचा धोका होता. उलट तिघांना वेगळे मानले तर तीन देव होतात, हीही भीती होती. पुढच्या पन्नास वर्षांतील सगळी खटपट या दोन टोकांच्या मधली वाट शोधण्याची होती.

अलेक्झांड्रियाचा अथनासियस आणि गॉल प्रांतातील प्वातिए येथील हिलरी या दोघांनी योहानाच्या वचनांकडे परत लक्ष वेधले. हिलरीने अडचण सरळ शब्दांत मांडली. एखादी वस्तू दुसरीच्या आत असेल तर ती दुसरी तिच्या बाहेर असते. भांड्यात पाणी असते, तेव्हा पाण्यात भांडे नसते. मग दोघे एकमेकांच्या आत कसे? त्याचे उत्तर असे, की भौतिक वस्तूंना जागा लागते म्हणून ही अडचण येते. देवाच्या बाबतीत स्थळाचा हा नियम लावताच येत नाही.

आजच्या तुर्कस्तानातील कप्पदोकिया प्रांतातल्या तीन आचार्यांनी या विचाराला परिभाषा दिली : कैसरियाचा बासिल, त्याचा धाकटा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी. तत्त्व एक, व्यक्ती तीन, हे सूत्र त्यांच्या काळात स्थिर झाले. तीन व्यक्ती म्हणजे तीन देव का नव्हेत, या प्रश्नाला निस्साच्या ग्रेगरीने स्वतंत्र लेखात उत्तर दिले. तीन माणसे एकच धंदा करत असली तरी प्रत्येकाचे काम वेगळे मोजता येते. पिता, पुत्र आणि आत्मा यांचे कार्य मात्र पित्यापासून निघून पुत्राच्या द्वारे आत्म्यात पूर्ण होणारे एकच कार्य असते. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत पवित्र आत्म्यालाही पिता-पुत्रांबरोबरच्या उपासनेत स्थान मिळाले.

शब्दाचा जन्म

पेरिखोरेसिस या नामामागील क्रियापदात दोन घटक आहेत. 'पेरि' म्हणजे सभोवार. 'खोरेइन' याचे अर्थ जागा देणे, सामावून घेणे आणि पुढे सरकणे असे आहेत. मराठीतील 'सामावणे' या क्रियापदालाही अशाच दोन बाजू आहेत. घरात माणसे सामावतात आणि घर माणसांना सामावून घेते. या शब्दाचा अर्थ नृत्याशी जोडून पिता, पुत्र व आत्मा यांचे फेर धरून नाचणे असा दिला जातो. तो आकर्षक असला तरी चुकीचा आहे. ग्रीक भाषेत नाचाचा शब्द वेगळ्या धातूपासून आला आहे, केवळ उच्चार जवळचा आहे.

हे क्रियापद ख्रिस्ताविषयी पहिल्यांदा वापरले ते नाझियान्झसच्या ग्रेगरीने, इ. स. ३८२ च्या सुमारास क्लेदोनियसला लिहिलेल्या पत्रात. ख्रिस्ताला मानवी मन नव्हते, त्या जागी देवपणच होते, असे अपोलिनारियसचे मत होते. त्याचे खंडन करताना ग्रेगरीने ख्रिस्ताची दोन्ही स्वरूपे आणि त्या स्वरूपांची नावे परस्परांत शिरतात, असे म्हटले. इ. स. ४५१ मध्ये खाल्केदोन येथील परिषदेने याच विषयावर निर्णय दिला. दोन स्वरूपे मिश्रण न होता, बदल न होता, विभाग न होता आणि वियोग न होता एकत्र आहेत, असे त्यात सांगितले. चारही पदे नकारार्थी आहेत. संबंध कसा नाही ते सांगितले, कसा आहे ते सांगण्याचे काम पुढच्या पिढ्यांकडे राहिले.

ते काम सातव्या शतकात मॅक्सिमस या साधूने केले. नामरूपातील पेरिखोरेसिस ही संज्ञा त्याच्या लेखनात ठळकपणे येते. त्याचे आवडते उदाहरण तापलेल्या तलवारीचे आहे. भट्टीतून काढलेली लाल तलवार कापते आणि जाळते. कापणे हे लोखंडाचे काम आणि जाळणे हे अग्नीचे. पण तिचा घाव जेथे बसतो तेथे कापलेले आणि जळलेले वेगळे काढता येत नाही. कापते तेच जाळते, आणि जाळते तेच कापते. असे असूनही लोखंड अग्नी झालेले नसते आणि अग्नी लोखंड झालेला नसतो. ऐरणीवर विळा किंवा वखराची पास ठोकताना पाहिलेल्या माणसाला हे उदाहरण तात्काळ पटते. खाल्केदोनच्या चार नकारांना मॅक्सिमसने येथे एक होकारार्थी चित्र दिले.

त्रैक्याच्या संदर्भात या शब्दाला मान्यता मिळवून देण्याचे श्रेय दमास्कसच्या योहानाला जाते. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात, उमय्या खिलाफतीच्या राज्यात, यरुशलेमजवळच्या मार साबा मठात राहून त्याने सनातन विश्वासाचे विवरण करणारा मोठा ग्रंथ ग्रीक भाषेत लिहिला. तिन्ही व्यक्ती एकमेकींत वास करतात, पण मिसळत नाहीत, असे त्याने सांगितले. त्यासाठी त्याने तीन सूर्यांचा दाखला घेतला. अंतर न ठेवता एकमेकांना लागून असलेले तीन सूर्य असतील, तर त्यांचा प्रकाश एकच असेल.

बाराव्या शतकाच्या मध्यास पिसाच्या बुर्गुंदिओने या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले आणि पश्चिमेकडील विद्यापीठांत ही कल्पना पोहोचली. इ. स. १४४२ मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेने पिता पूर्णपणे पुत्रात व आत्म्यात, पुत्र पूर्णपणे पित्यात व आत्म्यात, आणि आत्मा पूर्णपणे पित्यात व पुत्रात आहे, अशी घोषणा केली. विसाव्या शतकात जर्मन धर्मचिंतक युर्गेन मोल्टमान यांनी याच कल्पनेवर समाजविचार उभारला. देवाचे स्वरूपच जर परस्परांना जागा देण्याचे असेल, तर माणसांच्या समाजात वर्चस्वाला धार्मिक आधार उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मराठीत प्रवेश

मराठीत ख्रिस्ती विचार मोठ्या ग्रंथाच्या रूपाने आला तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणात. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने ओवीछंदात रचलेले हे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. पुढे बायबलची भाषांतरे झाली आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या एकत्वासाठी 'त्रैक्य' हा शब्द रूढ झाला. तीन आणि ऐक्य ही दोन्ही अंगे त्यात आहेत. मात्र तिघांचा एकमेकांतील वास त्यात येत नाही.

या उणिवेची किंमत पंडिता रमाबाईंच्या उदाहरणात दिसते. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांताविषयी सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डॉरथिया बील यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. संस्कृत शास्त्रांवर पोसलेल्या या विदुषीने प्रत्येक सूत्र तर्काला लावून पाहिले आणि जे पटले नाही ते पटले नाही असे स्पष्ट लिहिले. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. एक आणि तीन हे संख्येचे कोडे म्हणून समोर आले, की बुद्धिवंताचे मन अडते, आणि त्यात त्याचा दोष नसतो. परस्परनिवासाची कल्पना संख्येकडून नात्याकडे नेते, आणि तेच तिचे खरे योगदान आहे.

वऱ्हाडातील मिशने

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. कापसाचा व्यापार आणि रेल्वे यांमुळे अकोला, खामगाव, अमरावती ही ठाणी वाढली आणि त्यांच्याच मार्गाने मिशनेही आली. अकोला हे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेच्या मराठी कार्याचे केंद्र बनले. तेथे काम केलेल्या जेनी फुलर यांचे भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवरील पुस्तक १९०० मध्ये निघाले. याच सुमारास पडलेल्या दुष्काळात अनाथ मुलांना आश्रय देण्याचे काम मिशनांनी केले.

या संस्थेच्या शिकवणुकीचा परस्परनिवासाशी थेट संबंध आहे. तिचे संस्थापक ए. बी. सिम्पसन यांच्या उपदेशाचा गाभा भक्तामध्ये वास करणारा ख्रिस्त हाच होता. आशीर्वाद, आरोग्य किंवा सामर्थ्य ख्रिस्ताकडून वेगळे मागण्याची गरज नाही, तो स्वतः आत राहायला आला की सगळे आले, असे ते सांगत. अशा रीतीने योहानाच्या पंधराव्या अध्यायातील 'राहणे' वऱ्हाडातील मंडळ्यांत पोहोचले. ग्रीक संज्ञा आणि परिषदांचे निर्णय त्याबरोबर फारसे आले नाहीत. भजन, प्रार्थना आणि प्रभुभोजन यांतून आलेला तो अनुभवाचा विषय होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी आणि पदांनी त्याला मराठी भक्तीची भाषा दिली.

शास्त्रीय अभ्यासाची सोय पुढे यवतमाळला झाली. १९५३ मध्ये तेथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि देशभरातून आलेले विद्यार्थी ग्रीक भाषा व आद्य मंडळीचा इतिहास तेथे शिकू लागले. १९८३ मध्ये ही संस्था पुण्याला गेली.  तीस वर्षे वऱ्हाडातील एका कापूसबाजाराच्या गावी कप्पदोकियाच्या आचार्यांचा अभ्यास चालत होता, ही या प्रदेशाच्या बौद्धिक इतिहासातील मोलाची गोष्ट आहे.

कारंजा, रिद्धपूर, माधान

वऱ्हाडात एक-अनेकाचा प्रश्न ख्रिस्ती परंपरेबाहेरही तीन ठिकाणी तीन रीतींनी हाताळला गेला. तुलना केली तर ख्रिस्ती कल्पनेचे वेगळेपणही स्पष्ट होते.

पूर्वी अकोला जिल्ह्यात आणि १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात असलेले कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि दत्तसंप्रदायाचे क्षेत्र आहे. तेथील भाविकाला ब्रह्मा, विष्णू, महेश यांचे एकरूप असलेला तीन मुखांचा दत्त परिचित आहे. त्रैक्य म्हणजे आपला त्रिमूर्ती दत्त, अशी समजूत मराठी माणसाला सहज होते. परंतु एका देहाला तीन मुखे दाखवली की तीन व्यक्ती समोरासमोर उरत नाहीत. युरोपातही त्रैक्याची त्रिमुखी चित्रे काढली जात. पोप आठवा अर्बन यांनी १६२८ मध्ये त्यांवर बंदी घातली. परस्परनिवासात एकाने दुसऱ्याकडे पाहणे, देणे आणि घेणे गृहीत आहे.

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे तीर्थ. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार अनादी पदार्थ आहेत. परमेश्वर एकच आहे आणि श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू, चक्रधर हे त्याचे पाच अवतार आहेत. येथील दत्तात्रेय त्रिमुखी नाही, एकमुखी आहे. रिद्धपुरात गोविंदप्रभूंनी प्रसाद दिला आणि त्यातून चक्रधरांनी ज्ञानशक्ती स्वीकारली, असे परंपरा सांगते. दोन अवतार एकाच काळी, गुरू आणि शिष्य म्हणून, समोरासमोर आहेत आणि दोघांच्या ठायी परमेश्वर एकच आहे. म्हाइंभटांनी दोघांच्याही लीळा लिहून ठेवल्या. ख्रिस्ती विचाराशी हे साम्य लक्षणीय आहे. फरक असा, की महानुभाव मतात एक परमेश्वर पाच रूपे धारण करतो, तर ख्रिस्ती मतात तिघांचे आपसांतील नाते हेच देवाचे अनादी स्वरूप आहे.

तिसरे स्थान म्हणजे संत गुलाबराव महाराजांचे माधान. त्यांचा जन्म १८८१ मध्ये अमरावती जिल्ह्यात झाला आणि अवघ्या नवव्या महिन्यात त्यांची दृष्टी गेली. चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले आणि डार्विन व स्पेन्सर यांच्या उत्क्रांतिविचाराचीही चिकित्सा केली. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या आणि कृष्णपत्नी म्हणवत, मंगळसूत्र व कुंकू धारण करत. त्यांच्या मधुराद्वैत मतात अद्वैताचे ज्ञान झाल्यावरही भक्तीच्या माधुर्यासाठी देव आणि भक्त हे दोनपण टिकते. ऐक्य झाले म्हणून प्रेम संपत नाही, हा विचार परस्परनिवासाच्या अगदी जवळचा आहे.

गुलाबराव महाराज ज्यांना पिता मानत, त्या ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवातील पहिल्या प्रकरणाचे नावच शिवशक्तिसमावेशन आहे. शिव आणि शक्ती यांचा एकमेकांतील प्रवेश हा त्याचा विषय. तेथे दोन दिव्यांचा एकच प्रकाश, दोन ओठांचा एकच शब्द, दोन डोळ्यांची एकच दृष्टी असे दाखले येतात. दमास्कसच्या योहानाने तीन सूर्य आणि एक प्रकाश सांगितल्यानंतर साडेपाचशे वर्षांनी, त्याच्याशी काहीही संबंध नसताना, मराठीत जवळजवळ तेच चित्र उमटले. अमृतानुभवातील द्वैत अखेर अद्वैतात विरते. दमास्कसच्या योहानाच्या व्यक्ती विरत नाहीत. हा फरक मोठा आहे आणि तो झाकू नये. पण प्रश्न एकच होता, आणि दोघांनीही तो उजेडाच्या भाषेत सोडवला.

समारोप

परस्परनिवासाच्या इतिहासातून एक गोष्ट ठाम दिसते. जवळीक वाढली म्हणजे वेगळेपण संपलेच पाहिजे, हे आद्य ख्रिस्ती आचार्यांनी मान्य केले नाही. प्रेमाची पूर्णता दुसऱ्याला गिळण्यात नाही, त्याला आपल्यात जागा देण्यात आणि त्याच्यात राहण्यात आहे, हे शब्दांत पकडण्यासाठी त्यांनी शतकानुशतके श्रम केले. मराठीत त्यासाठी शब्द उसने आणण्याची गरज नाही. 'राहणे', 'सामावणे' आणि 'समावेशन' हे शब्द येथे होतेच. आता रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. महानुभाव, वारकरी आणि ख्रिस्ती या तिन्ही परंपरांच्या परिभाषेचा तुलनात्मक कोश तेथे सिद्ध व्हावा. वऱ्हाडाच्या मातीत या तिन्ही परंपरा शेजारी नांदल्या आहेत, आणि हे काम करण्यास याहून योग्य जागा नाही.